सातच्या जागचा ठिपका

६ जानेवारी

चिंगे,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. पत्र वाजत नाही, त्यामुळे ते तुला कापता यायचं नाही. फाडलंस तर मात्र माझा इलाज नाही.

घरी सगळं जागच्या जागी आहे. तुझ्या आईची खोली मी दर रविवारी झाडते. तिचा चष्मा खिडकीत होता तिथेच आहे. ती गेली त्याला सहा महिने झाले आणि तू शहरात परत गेलीस त्यालाही तेवढेच. आपल्या घरातली पहिली पदवीधर मोठ्या दवाखान्यात लोकांचे डोळे तपासते, हे मी कारखान्यात इतक्यांदा सांगितलंय, की पॉलिशच्या चाकावरचे काका म्हणाले, "बाई, आता तिच्या चपलेचा नंबर तेवढा सांगायचा राहिलाय."

काम चालू आहे. सव्वीस वर्षं खोटे डोळे रंगवतेय, पण हल्ली होतंय तसं कधी झालं नव्हतं. मागे एक शिंपी डावा डोळा बसवून घेऊन गेला. रंग असा जुळला होता, की मालकीणबाईंनी स्वतः वाहवा केली. पंधरा दिवसांनी त्याची बायको एकटीच आली. म्हणाली, "डोळ्यात खोट काही नाही हो. पण हे जेवायला बसले की वाटतं, ताटावर दुसरंच कुणी बसलंय." मी म्हटलं, सवय होईल. ती जायला निघाली, दारातून परत वळली. "वाईट नाही बघत," म्हणाली. "ओळखीचं बघतं. म्हणून भीती वाटते."

बाकी मी बरी आहे. सकाळी उठलं की डोळ्यांत वाळू भरल्यासारखं होतं. वयाचं असेल. दोन वर्षांपूर्वी गर्भाची पिशवी काढली तेव्हा डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या चालूच आहेत.

दोन ओळी तरी लिही. शिव्या लिहिल्यास तरी चालेल.

मावशी

१९ जानेवारी

मावशी,

पत्र फाडलं नाही.

तुझ्या डोळ्यांत वाळू जाते हे वाचून मला हसू आलं, आणि ते चांगलं हसू नव्हतं. मनात आहे ते एकदा लिहून टाकते. आईला नेलं त्या दिवशी सगळं घर रडत होतं. तू दारात उभी होतीस आणि टक्क उघड्या डोळ्यांनी बघत होतीस. पापणीसुद्धा हलत नव्हती. मी तुझ्या गळ्यात पडले, तर तू म्हणालीस, "थोडा चहा घे."

दोन वर्षांपूर्वी समोरची मुलगी शिकायला परगावी निघाली, तेव्हा तू रस्त्यात वाऱ्यावर उभी राहून दोन रुमाल भिजवले होतेस. परक्या मुलीसाठी दोन रुमाल. सख्ख्या बहिणीसाठी एक थेंब नाही. जमलेल्यांपैकी कुणीतरी म्हणालं, "दगडाला पाझर फुटेल, हिला नाही." मी त्या बाईशी भांडायला हवं होतं. मी भांडले नाही. तेव्हापासून तुझा आवाज फोनवर ऐकवत नाही.

डोळ्यांसाठी औषधाच्या दुकानात थेंब मिळतात, ते आण. आणि "वयाचं असेल" असं कृपा करून म्हणू नकोस. इथे रोज दहा बायका येतात आणि दहाही जणी हेच म्हणतात. वर्षानुवर्षं सहन करतात आणि स्वतःच स्वतःला गप्प बसवतात. मी ह्या कामात आले ती हे बदलायला.

चिंगी

२ फेब्रुवारी

चिंगे,

भांडलीस, बरं वाटलं. थेंब आणले. घातले की दोन मिनिटं गार वाटतं, मग परत होतं तसं.

रडण्याचं विचारलंस. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. असतं तर तेव्हाच दिलं असतं.

इकडे अजून तीन घरांतली माणसं येऊन गेली. एका निवृत्त मास्तरांची सून आली होती. त्यांची चार वर्षांची नात पूर्वी त्यांच्या कुठल्याही बाजूला बसायची. आता फक्त खोट्या डोळ्याच्या बाजूला बसते. का गं, असं विचारलं तर म्हणते, "ह्या बाजूला आजी आहे." मास्तरांची बायको तर नातीच्या जन्माच्याही आधी गेलेली. सून हसत हसत सांगत होती, पण हातातली पिशवी तिने एकदाही खाली ठेवली नाही.

मालकीणबाईंनी मास्तरांचा डोळा मागवून हातभर अंतरावर धरून पाहिला. रंग बरोबर. माप बरोबर. मला म्हणाल्या, "लोक उगाच खुसपट काढतात, लक्ष देऊ नका."

मी लक्ष देत नाही. पण सकाळी कामावर गेले की ट्रेवरचं फडकं काढावं लागतं. खाली डोळे मांडलेले असतात आणि ते वरच बघत असतात, त्यात नवल काही नाही. सव्वीस वर्षं मी त्यांना "काय मंडळी, झोप झाली का" म्हणत आले. हल्ली मात्र वाटतं, मी फडकं काढायच्या आधीपासून ते माझी वाट बघत होते. आता मी फडकं काढायला काकांना सांगते. ते हसतात. हसू देत.

मावशी

१४ फेब्रुवारी

मावशी,

हे पत्र मी दुपारच्या सुट्टीत लिहितेय.

आज सकाळी लाँड्री चालवणारे एक गृहस्थ तपासणीला आले. उजवा डोळा खरा, डावा बसवलेला. आमच्या यंत्रावर हनुवटी टेकवायची, मग मी भिंगातून बघते, तेव्हा डोळा बशीएवढा दिसतो. खोटा डोळा तपासायचा नसतो. उजेड सरकवताना सहज त्याच्यावर गेला.

समोर आई होती.

रंग त्यांच्या खऱ्या डोळ्यासारखाच, काळसर तपकिरी. पण बाहुलीभोवतीची सगळी नक्षी आईची. घड्याळात सात वाजतात त्या जागी मधाच्या रंगाचा ठिपका. त्यातून बाहुलीकडे जाणारी रेघ, मध्येच तुटलेली. तू तिला चिडवायचीस, "तुझे कायम सात वाजलेले." आणि ती म्हणायची, "म्हणजे ताई, स्वयंपाकाची वेळ कधी टळतच नाही."

ते गृहस्थ म्हणाले, "काय झालं, ताई?" बोलताना त्यांचा खरा डोळा हलला. दुसरा माझ्यावरच राहिला.

मी पाणी प्यायला बाहेर आले. बाकावर एका वाचनालयातल्या बाई बसल्या होत्या, त्यांचाही एक डोळा बसवलेला. हे गृहस्थ बाहेर येऊन त्यांच्या शेजारी टेकले. दोघांची एकमेकांशी ओळख नाही. दोघांनी एकाच वेळी माझ्याकडे पाहिलं आणि त्या दोन अनोळखी चेहऱ्यांतून आई मला बघत होती. दोघांच्याही कागदांवर तुमच्या कारखान्याचं नाव होतं.

मावशी, हे तू मुद्दाम करतेस का? मी बोलत नाही म्हणून तिला माझ्या मागावर पाठवतेस? तसं असेल तर इतकं निर्दय मी कुणाला पाहिलं नाही.

चिंगी

२० फेब्रुवारी

चिंगे,

जीभ आवर. शिकलीस म्हणून काहीही लिहायचं नसतं.

समोरच्या खुर्चीत जो बसतो त्याचाच डोळा मी काढते. दुसरं काही काढायला मला वेळही नाही आणि गरजही नाही. तुला जिथे तिथे आई दिसते, कारण तू तिच्या आजारपणात चार दिवस आलीस आणि परीक्षेला निघून गेलीस. ते तुझं तुला टोचतं, त्याचं खापर माझ्या ब्रशावर फोडू नकोस.

मावशी

१ मार्च

चिंगे,

मागच्या पत्रातलं शेवटचं वाक्य माघारी घेते. परीक्षेला तुला तिनेच पाठवलं होतं. मी तेव्हा तिथेच होते.

आता नीट ऐक. घाबरू नकोस. मी घाबरलेय तेवढं पुरे आहे.

प्रत्येक डोळा रंगवताना आम्ही बुबुळाची तशीच एक जास्तीची चकती रंगवतो आणि कार्डावर चिकटवून ठेवतो. पुढेमागे डोळा हरवला तर कामी येते. तुझ्या पत्राचा राग आला होता, म्हणून तुला खोटं पाडायला मी तुझी आई गेल्यानंतरची सगळी कार्डं काढली. एकोणचाळीस होती. लांब टेबलावर ओळीने मांडली. रंग सगळे वेगळे. काळे, तपकिरी, दोन घारे. मला त्यात काहीच वावगं दिसेना. मी काकांना हाक मारली. त्यांनी त्यांचं भिंग आणलं. पहिलं कार्ड पाहिलं, दुसरं पाहिलं. पाचव्या-सहाव्यानंतर ते भराभर पुढे गेले आणि शेवटाला पोचल्यावर त्यांनी टोपी काढली.

"बाई," म्हणाले, "रंग एकोणचाळीस आहेत. माणूस एकच आहे."

मी भिंग घेतलं. चिंगे, मला दिसलं नाही. डोळा उघडला की एक क्षण स्वच्छ, मग लगेच काचेवर वाफ धरल्यासारखं. मी मनात आकडे मोजले. तीनच्या पुढे जात नाही. तीन आकड्यांत एक रेघ पुरी होत नाही. आणि आम्हाला पहिल्या दिवसापासून शिकवलंय, रेघ संपेपर्यंत पापणी नाही.

मग आठ महिने मी रेघा कशाच्या जोरावर काढल्या? रंग कळायचा, तो मोठा असतो. बारीक नक्षी दिसायची नाही, तेव्हा हात पुढे जायचा. मला वाटायचं, इतक्या वर्षांचा हात आहे, बरोबरच जातो. तो जात होता जिथे शिकला तिथे. नवी होते तेव्हा सरावाला गिऱ्हाईक कोण देणार? तुझी आई रोज संध्याकाळी खिडकीत बसायची आणि मी तिचा डोळा काढायचे. पहिले शंभर डोळे तिचेच काढले.

ती गेली त्या दिवशी मी रडायचा प्रयत्न केला होता. खरंच केला. आतून सगळं वर आलं आणि डोळ्यांपाशी येऊन अडलं. नुसती आग झाली. पापणी हलवली की खरवडायचं, म्हणून हलवली नाही. तू गळ्यात पडलीस तेव्हा मला भीती वाटली की तू वर बघशील. म्हणून चहाचं बोलले.

मालकीणबाईंना अजून सांगितलेलं नाही. सांगितलं की ब्रश हातातून जाईल. ब्रश गेला तर मी कोण उरते, हे मला माहीत नाही.

मावशी

४ मार्च

मावशी,

आधी हे वाच: येत्या शनिवारी सकाळच्या गाडीने ये. मी स्टँडवर असेन. येताना त्या गोळ्यांची पाकिटं आण, मनाने बंद मात्र करू नकोस. थेंबांची बाटलीही आण.

आता माफी मागते. कोरडा डोळा वाऱ्यात घळाघळा वाहतो, हे उत्तर लिहून मी शेवटच्या परीक्षेत पैकीच्या पैकी मार्क मिळवले होते. डोळ्याला ओल टिकवता येत नाही, म्हणून वारा लागला की तो घाबरून पाण्याचा लोंढा सोडतो. पुढे दुखणं वाढलं की कधी कधी तोही आटतो. समोरच्या मुलीसाठी ते दोन रुमाल माझ्या पुस्तकात होते, आणि मी ते तुझ्या काळजाचं माप म्हणून धरले.

अश्रू म्हणजे नुसतं पाणी नसतं. पाण्यावर तेलाचा अगदी पातळ थर असतो, त्यामुळे ते उडून जात नाही. ते तेल पापण्यांच्या कडेला असलेल्या बारीक ग्रंथींतून येतं आणि त्या ग्रंथी हार्मोन्सच्या सांगण्यावर चालतात. पुरुषांची म्हणतात ती हार्मोन्सही बाईच्या अंगात थोडी असतात, आणि ह्या ग्रंथींना तीच लागतात. वय वाढलं की ती कमी होतात. पिशवीबरोबर बीजकोशही काढले असतील तर आणखी कमी होतात. पापणी न हलवता तासन् तास काम करणाऱ्या बाईच्या डोळ्यांचं मग काय होणार? शिवाय तुझ्या त्या गोळ्यांनी काही बायकांचा कोरडेपणा वाढतो असंही दिसलंय. दोन वर्षं त्या तू कुणालाही न दाखवता घेतेयस. हे सगळं आमच्या डॉक्टर मॅडम बघतील आणि बायकांच्या डॉक्टरांशीही बोलतील.

मालकीणबाईंना तू स्वतः सांग. त्या एकोणचाळीस घरांत माणसं घाबरून जेवतायत.

तुझी चिंगी

२९ मार्च

चिंगे,

सुखरूप पोचले होते, लिहायलाच उशीर झाला. तू दिलेला डबा रिकामा झाला, पण घास पाण्याशिवाय उतरत नव्हता. तोंड कोरडं पडतं हे मॅडमना सांगितलं म्हणून बरं झालं. त्यांनी सांगितलेलं रक्त तपासून घेतलं. त्यात काही निघालं नाही, तरी वर्षाने परत बघायचं आहे.

तू पापणीत ती कागदाची पट्टी अडकवलीस तेव्हा पाच मिनिटं तू घड्याळाकडेच बघत होतीस. मला वाटलं चिडलीस. मग पट्टी काढून उजेडात धरलीस आणि तुझा चेहरा पाहिला. जेमतेम दोन मिलिमीटर भिजली होती. मॅडम म्हणाल्या, "ह्या डोळ्यांनी तुम्ही केसाएवढी रेघ काढत होतात?" मी म्हटलं, "सव्वीस वर्षं लोक म्हणत होते, बाई डोळ्यांत तेल घालून काम करते. तेलच नव्हतं म्हणे!" त्या हसल्या. तू नाही हसलीस.

जुनी बाटली टाकली. दिवसातून वीस वेळा घालत होते, त्यातल्या औषधानेच आणखी जळत होतं, हे कुणाला ठाऊक! आता तुमचे एकेका दिवसाचे छोटे थेंब घालते. सकाळ-संध्याकाळ गरम फडक्याचा शेक, मग पापण्यांची कड पुसायची. गोळ्या बायकांच्या डॉक्टरांनी बदलल्या. अश्रू वाहून जायच्या भोकांत बुचं बसवल्यापासून बरं आहे.

मालकीणबाईंना सांगितलं. त्यांनी एकेक कार्ड भिंगाखाली धरलं. मग म्हणाल्या, "एकोणचाळीसही परत बोलवायचे. कारखान्याच्या खर्चाने." मी ब्रश पुढे केला. त्यांनी घेतला आणि खणात ठेवला. कुलूप नाही लावलं. "तीनच्या ऐवजी दहा आकडे मोजता आले की काढून घ्या."

तोवर मी पॉलिशच्या चाकावर बसते. काका रोज विचारतात, "आज किती?" काल पाच होते.

मावशी

१२ मे

मावशी,

आकडा कुठवर आला? मॅडमनी मला आमच्या दवाखान्यात दर बुधवारी एक तास दिलाय. पाळी जायच्या वयातल्या बायकांना फक्त एवढंच विचारायचं, डोळ्यांत वाळू जाते का, रडताना पाणी येतं का. दुसऱ्या प्रश्नाला पहिल्याच बुधवारी एक बाई मान खाली घालून म्हणाली, "माझा मुलगा गेला तेव्हाही नाही आलं. कुणाला सांगू नका." मी तिला तुझी गोष्ट सांगितली. नाव नाही सांगितलं.

लाँड्रीवाले नवा डोळा बसवून परवा येऊन गेले. छान जुळलाय. आता ते नुसते लाँड्रीवाले आहेत. मला आनंद व्हायला हवा होता. झाला, पण ते गेल्यावर मी त्या रिकाम्या खुर्चीकडे जरा वेळ बघत राहिले.

परत आलेल्या डोळ्यांचं काय करता?

तुझी चिंगी

३० जून

चिंगे,

आकडा अकरा. ब्रश मिळाला.

परत आलेला डोळा दुसऱ्या कुणाला जाऊ नये, म्हणून चाकावर घासून त्याचं पीठ करायचं, असा आमच्याकडे नियम आहे. काका म्हणाले, मी करतो, तुम्ही घरी जा. मी नाही म्हटलं. माझ्या हाताने झालं, माझ्याच हाताने जाऊ दे.

अडतीस होते. आज सकाळी बसले. एकेक चाकाला लावायचा आणि त्याआधी भिंगाखाली धरायचा. आधी कधी दिसले नव्हते, आता सगळे स्वच्छ दिसत होते. प्रत्येकात सातच्या जागी ठिपका. चिंगे, खोटं कशाला बोलू, काम चांगलं होतं. गिऱ्हाइकाला समोर बसवून इतका जिवंत डोळा मी कधी काढला नाही. आणि खुर्चीतल्या माणसाला मात्र मी पाहिलंच नव्हतं. सदतीस झाले. घासताना प्रत्येक जण शेवटपर्यंत बघत होता. मीही नजर हलवली नाही.

अडतिसावा धरला आणि परत वाफ धरली. म्हटलं, आलं परत, गेले चार महिने पाण्यात, गेला ब्रश. मी आकडे मोजले. एकसुद्धा निभेना. काकांना हाक मारली. ते आले, माझ्याकडे पाहिलं आणि चाक बंद केलं. आपला रुमाल काढून माझ्या हातात दिला.

मग कळलं, गालांवरून ओघळत हनुवटीपर्यंत आलं होतं. आग होत नव्हती. वाराही नव्हता, सगळ्या खिडक्या लावलेल्या होत्या. मी बसूनच राहिले. बाकीची मंडळी ब्रश खाली ठेवून भिंतीकडे तोंड करून बसली, कुणी रडलं की ही आमच्याकडची रीत.

अडतिसावा दुपारनंतर घासला. तुझ्यासाठी ठेवावा असं मनात आलं होतं. पण तू त्याला विचारत बसली असतीस आणि त्याला उत्तर देता येत नाही.

एक राहिला. घारा, उजवा. तो माणूस दिलेल्या पत्त्यावर राहत नाही आणि शेजाऱ्यांना तो कुठे गेला ठाऊक नाही. त्याच्या घरून कधी तक्रार आली नाही. म्हणजे कुठल्यातरी घरात ती रोज जेवायला बसते आणि तिथल्या कुणालाही तिची भीती वाटत नाही.

कधी तुझ्या खुर्चीत येऊन बसलाच, तर आधी त्याचा खरा डोळा नीट तपास. तुझं काम ते आहे. मग कारखान्याचा पत्ता दे आणि बोलावलंय म्हणून सांग.

पण बाहेर रांग फार नसेल, तर पत्ता द्यायच्या आधी उजेड जरा त्याच्या उजव्या डोळ्यावर सरकव. आणि तिला सांग, तुझ्या ताईला आज पाणी आलं.

मावशी